बिघडल्याचा दाखला

गाव बिघडलेलं आहे, असा ठराव मंगळवारी सकाळी अकरा वाजता ग्रामसभेत एकमताने मंजूर झाला. साडेअकराला तो झालेलाच नव्हता. इतिवृत्ताच्या वहीत त्या जागी पथदिव्यांचा ठराव लिहिला गेला, आणि आपण नक्की कोणत्या सभेला बसलो होतो, अशा नजरेने योगराज त्या वहीकडे बघत राहिला. आपणही तो ठराव झालाच नाही असं धरून चालू.

योगराज एकोणीस वर्षं टोरंटोला आहे. गाव फैजपूरच्या अलीकडे, केळीच्या बागांमध्ये. गावाच्या काळजीपोटी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला होता. त्यात दोनशे बारा माणसं होती आणि खबरदारी म्हणून गावात राहणारं एकही नव्हतं. गाव किती बिघडलं, याचा दर रविवारी आढावा निघे. भरिताच्या जेवणाला आता केटरर बोलावतात. तेराव्याला लोक मोबाइल बघतात. ‘माणुसकी उरली नाही,’ असं मस्कतहून कुणी लिहिलं की ह्यूस्टनहून जोडलेले हात यायचे.

गेल्या महिन्यात त्याची आई, सुनंदाबाई, मोरीत घसरली आणि तिचं मनगट मोडलं. योगराजला ते अकरा दिवसांनी कळलं, तेही मस्कतहून. गावातल्या एकानेही कळवलं नव्हतं. कळवू नका, असं आईनेच सगळ्यांना बजावलं होतं. पण हेही त्याला कुणी कळवलं नाही.

तो आईला न्यायला आला. व्हिसा तयार होता, तिकीट तयार होतं, आई तयार नव्हती.

“या गावात राहण्यासारखं उरलंय काय, आई? पार बिघडलंय सगळं.”

“कोन म्हनतं?”

“सगळेच म्हणतात.”

“मंग पंचायतीतून लिहून आन. दाखला दाखव, मी येती.”

गावातला कुणीही यावर हसला असता. योगराज अर्ज घेऊन पंचायतीत गेला.

ग्रामसेवक हेमराज, म्हणजे गावाचे भाऊसाहेब, यांनी अर्ज दोनदा वाचला. ते गंभीर झाले. “जन्माचा दाखला आहे, मृत्यूचा आहे, शौचालय असल्याचा आहे. बिघडल्याचा नमुना अजून वरून आलेला नाही. ठराव घ्यावा लागेल.”

कोरम नाही म्हणून तीनदा तहकूब झालेली ग्रामसभा त्या मंगळवारी दारापर्यंत भरली. विषय सगळ्यांच्या आवडीचा होता. चुडामण नानांनी सुरुवात केली. “सारं नासलं भो, सारं!” असं म्हणून ते तृप्त चेहऱ्याने खाली बसले. मग गटारी झाल्या, जावई झाले, नव्या पोरांच्या केसांचे कट झाले. योगराज मोबाइलवर टिपून घेत होता. एकोणीस वर्षांत गावाशी त्याचं इतकं कधी पटलं नव्हतं.

शेवटी गळ्यात हात अडकवलेली सुनंदाबाई उठली.

“ही भिकुबाई पाहा! महिना झाला दोन्ही टाइम डबा देती, एका भाजीत मीठ नही. अन हा गोपाल! मले दवाखान्यात नेलं त गाडी अशी हानली का दुसराही हात मोडला अस्ता. ती हेमलता. रोज माह्या सोबतीले झोपाले येती. अन घोरती! मी रातभर जागी!”

ज्याचं नाव निघे तो लाजून हसत होता. हेमलताने तर उठून नमस्कार केला. योगराजने ‘घोरते’ एवढंच टिपलं, मग त्याचा अंगठा थांबला. यात नक्की बिघडलेलं काय आहे, ते त्याला ठरवता येईना. तोवर मतदान झालं. सगळे हात वर गेले. सुनंदाबाईने धडधाकट हात वर केला.

“झालं ना, आई?” योगराज म्हणाला. “तूच हात वर केलास. आता चल.”

“कुठी चल? मी गेली त याहिले नावं कोन ठेवीन?”

सभा खदखदून हसली. योगराजलाही हसावंसं वाटलं, पण कुठून हसायचं ते सापडेना. आपणही यांच्यातलेच, हे दाखवायला तो उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “खरंच! काय हे आपलं गाव! माणुसकीच उरली नाही इथे!”

हसणं बंद झालं. गोपाल खाली बघू लागला. भिकुबाईने पदर सावरला. चुडामण नानांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि अगदी आदराने विचारलं, “तुम्ही कोनाकडचे पाहुने, भाऊ?”

याच नानांनी त्याला खांद्यावर बसवून पोळ्याची मिरवणूक दाखवली होती.

भाऊसाहेबांनी मतदारयादी उघडली. ‘य’पाशी बोट नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. “अडचण आहे, साहेब. गावाला नावं ठेवायला यादीत नाव लागतं.” त्यांनी ठरावावर रेघ मारली आणि पथदिव्यांचा विषय घेतला. पथदिव्यांना कुणाचीच हरकत नव्हती. साडेअकरा झाले होते.

सभा उठली. सुनंदाबाई भिकुबाईला मिठाबद्दल बोलतच घरी गेली. योगराज बाकावर बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने भाऊसाहेबांकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि शाळेत शिकवलेल्या मराठीत सावकाश लिहिलं:

‘प्रति, मा. ग्रामसेवक साहेब. अर्जदार कामानिमित्त काही काळ बाहेरगावी होता. तरी अर्जदार गेली एकोणीस वर्षे याच गावात राहून इतरांबरोबरच बिघडला असल्याचा दाखला, पूर्वलक्षी प्रभावाने मिळावा, ही नम्र विनंती.’