भिंगरीचं खरं नाव

फुटबॉल क्लबच्या स्मरणिकेसाठी दौलतकाकांनी आपल्या लाडक्या अकरा जुन्या खेळाडूंची यादी एका बैठकीत लिहून दिली. स्मरणिका काढणाऱ्या उन्मेषने ती तशीच परत केली. "काका, बुलडोझर, मांजऱ्या, भिंगरी... असं छापलं तर त्यांच्या घरचे मला हाणतील. खरी नावं द्या ना!"

दहा नावं दोन दिवसांत मिळाली. अडलं ते भिंगरीपाशी. डावीकडून बॉल घेऊन सुटणाऱ्या या पठ्ठ्यासाठी काकांनी पंधरा वर्षं घसा फोडला होता, त्याला खांद्यावर घेऊन नाचले होते, पण नाव काय ते कधी विचारलंच नव्हतं. काकांना जेवण जाईना. भोईवाडाभर वणवण झाली. जो तो म्हणे, "भिंगरी ना? लग्न झाल्यावर वरळीला गेला. नाव नाय बा ठाऊक."

शेवटी गावी राहणाऱ्या जुन्या कॅप्टनचा फोन लागला. "अरे, तो गजानन टेमकर! भेटलास तर सांग, मी आठवण काढली."

नंबर कुठे मिळतोय का म्हणून काकांनी घाईघाईने मोबाइलमध्ये ते नाव टाकून शोधलं. नाव सापडलं, परळ-वरळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, गेल्या मंगळवारचं.

'श्री. गजानन टेमकर यांचे दुःखद निधन. अंत्ययात्रा दुपारी ४ वा. राहत्या घरून निघेल.'


खाली सतरा जणांनी हात जोडले होते. त्यातले पहिले हात काकांचे होते.