तीन मुठी

कबरीवर फळ्या बसल्या. रऊफ मागे वळून पाहत होता. सहा वर्षांचा युनूस कान दाबून कब्रस्तानाच्या कुंपणाशी उभा होता. आज तरी तो किंचाळू नये, एवढंच रऊफला हवं होतं. उद्यापासून पोराला शांत कोण करणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते फक्त त्याच्या आईला, हलिमाला जमायचं, आणि हलिमा त्या फळ्यांखाली होती.

रऊफ केनवडचा पिंजारी. त्याची रजई अंगावर आहे की नाही तेच कळत नाही, असं गिऱ्हाइकं सांगायची. पोरासाठी त्यानं कापूस तीनदा पिंजून सर्वांत हलकी रजई भरली. युनूसनं ती लाथाडली. कुणी नुसता हात लावला, एसटीचा हॉर्न वाजला, की तो भिंतीवर डोकं आपटायचा. मग हलिमा खेळ मांडायची. त्याला कोपऱ्यात निजवायची आणि जुन्या गाद्यांतून निघालेला, गठळ्या झालेला जड कापूस त्याच्या अंगावर रचत जायची.

“आखीन?” आणखी हवा का, असं दर थराला ती विचारायची.

“आखीन.”

ढीग गळ्यापर्यंत आला की युनूस “बस” म्हणायचा. त्याचा श्वास संथ व्हायचा.

“जित्या पोराले गाडून राह्यली का वं?” रऊफ म्हणायचा. “पिंजाऱ्याचं पोरगं अन् गठळ्यात निजते. लोक हासतीन मले.”

“हासू द्या. त्याले अंगावर भार लागते.”

चार दिवसांच्या तापानं ती गेली.

लोकांनी रिवाजाप्रमाणे तीन तीन मुठी माती दिली. रऊफनंही दिली. तेवढ्यात कुणालाही न शिवता, अंग चोरत युनूस पुढे आला. त्यानं कानांवरचे हात काढले. गुडघे टेकून मूठभर माती टाकली. वाकून काहीतरी पुटपुटला. दुसरी मूठ. तिसरी. चौथी.

“झालं, बेटा,” एक म्हातारे चाचा म्हणाले. “तीनच मुठी देत असतेत.”

युनूस थांबला नाही. रऊफ त्याच्या शेजारी बसला. हात लावायचं त्यानं टाळलं.

“चाचाचं आयक, युनूस. चाल घरी.”

युनूसनं पुढची मूठ भरली.

“कसा येऊ, अब्बा? मी कवाचा आखीन आखीन इचारून राह्यलो. अम्मी बस म्हनतच नाही.”