आहेराच्या टेबलाखाली

पासष्टच्या लढाईच्या बातम्या द्यायला सीमेवर जाऊन आल्यापासून, मोठा आवाज झाला की गोपाळकृष्ण असेल तिथे जमिनीवर आडवा होई. अमरावतीच्या कचेरीत सगळे सांभाळून घेत. पण आज अकोल्याला धाकट्या बहिणीचं, सिंधूचं लग्न होतं. नवरीचा भाऊ वेडा आहे असं बाळापूरच्या व्याह्यांना वाटलं, तर सासरी जन्मभर तिलाच ऐकून घ्यावं लागणार होतं.

शेवटचं मंगलाष्टक संपलं, टाळ्या पडल्या आणि मांडवाबाहेर फटाक्यांची माळ कडाडली. गोपाळकृष्णाने डोळे उघडले तेव्हा तो आहेराच्या टेबलाखाली होता. शेजारी, फेट्यासकट पालथे, नवरदेवाचे वडील जानराव.

"तुम्ही इथे?"

"बर्म्याच्या लढाईत होतो ना बाप्पा, शिपाई."

"त्याला तर वीस वर्षं झाली. हे जात नाही?"

"कमी होते. पन मी मांडवात आल्याबरोबर टेबल पाहून ठेवतो, मंग लगन मजेत जाते." जानरावांनी सरकून त्याला जागा करून दिली. "तुमची बातमी वाचली होती मी. आपल्या जवानायले भेव कसं असते ते ठाऊकच नाही, असं लिहेल होतं तुमी."

गोपाळकृष्णाला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

"हळू हासा, भाऊसाहेब," जानराव म्हणाले, "वरतं भांडे हायेत."