पंचमीचा मुराळी

यल्लूचा एकुलता एक भाऊ पलटणीत भरती होऊन पार बसऱ्याच्या लढाईवर गेलेला. आणि सासू नागुबाईचा हेका असा, की भाऊ मुराळी होऊन न्यायला आल्याशिवाय सून पंचमीला माहेरी जायची न्हाय. तिकडं सदलग्यात आई एकटीच वाट बघत बसलेली. यल्लूनं विषय काढला की सासूचं ठरलेलं उत्तर, "भाऊ न्हाय म्हणून रडतीस कशाला गं? नागोबा हाय की समद्या सासुरवाशिणींचा भाऊ! त्याला लाह्या वाहा आन् गप कामाला लाग."

पंचमीच्या सकाळी नागुबाई पाटावरच्या मातीच्या नागोबाला हळदकुंकू लावायला वाकली, आणि पाटामागनं खरंखुरं लांबडं सळसळत बाहेर आलं. लाह्यांचं ताट तिथंच टाकून म्हातारीनं बाजल्यावर उडी मारली. त्यात सणाचा दिवस, काठी उचलायचीही चोरी!

यल्लूनं शांतपणे डोक्यावर पदर घेतला आणि बांधून ठेवलेलं गठुडं काखेत मारलं.

"आत्याबाई, भाऊ न्यायला आलाय. जाऊ न्हवं?"

"जा बाई, जा! आन् त्याला बी संगं घिऊन जा!"

* * *

गावाबाहेरच्या बांधावर यल्लूनं डोक्यावरची झाकलेली बुट्टी उतरवली आणि धामण बिळात सोडत म्हणाली, "फुडच्या पंचमीला बी हितंच ऱ्हा रं अण्णा. औंदा हुडकताना लई दमवलंस."