ढगाची पट्टी

थोरल्याने आईच्या कॉम्प्युटरवरचे सगळे टूलबार एका दमात काढून टाकले. "न विचारता घुसलेली बांडगुळं नुसती! बघ आई, आता कसा सुसाट चालतोय."

"अरे, त्यात ती ढगाच्या चित्राची पट्टी होती! तेवढी परत आण रे, हात जोडते."

भांडून घर सोडताना धाकट्याने ती लावून दिली होती. "मी जातोय तिथलं हवामान दिसेल यात. बाकी काही विचारू नकोस." त्यानंतर फोन नाही की पत्र नाही, पण लेकाकडे आज ऊन आहे की पाऊस, एवढंच तिला रोज कळायचं.

थोरला वरमला. "रडू नकोस गं. गावाचं नाव सांग, दुसरी लावून देतो."

आईचा चेहरा पांढराफटक पडला.



नाव फक्त त्या पट्टीलाच ठाऊक होतं.