उखळीचा दणका

स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसासाठी धुरपदा थोरल्या पोराला घेऊन नदीअल्याड माहेरी आली होती. तापानं फणफणलेली धाकटी लेक सासूपाशी राहिली. इकडं तिरंगा फडकत होता, पल्याड सासरी निजामाचं राज्य, रझाकारांची धास्ती. दिवेलागणीला दादानं देवळापुढं शोभेची दारू उडवली, मग जत्रेत दारू ठासून उडवायची लोखंडी उखळी पेटवली. दणका नदीपार गेला. थोरला टाळ्या पिटायला लागला, धुरपदानं मात्र दादाचा हात धरला. “दादा, थांबवा! आमच्या गावात उखळी म्हंजी रझाकार आल्याची खूण. सासूबाई पोरीला घिऊन जमिनीतल्या धान्याच्या रिकाम्या पेवात लपायला उतरत्याल.” “उतरू दे की. घटकाभरानं निघत्याल वर,” दादा हसला. पल्याडचे दिवे भराभर विझले. “कोंडलेल्या पेवात माणूस गुदमरून मरतंय, दादा. रोज सकाळी झाकण काढून त्येला वारा द्यायचं काम माझं. आन् चार दिस झालं, मी हितं हाय.”