शून्य नंबरचा आलेख

"परत चुकलीस. फेज नीट लाव," माझ्या गाईड मॅडम ओरडल्या आणि त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. सकाळपासूनची ही तिसरी.

पेशंटच्या श्वासातून लेझर सोडून मधुमेह ओळखायचा, हे आमचं संशोधन. यंत्रातला आरसा केसभर सरकला तरी फेज, म्हणजे लेझरच्या लहरींचा मेळ, चुकते आणि आलेख वाकडा येतो. ती चूक मी दुरुस्त केली, तसे चाळीसही पेशंटचे आलेख सुधारले. बिघडला तो फक्त शून्य नंबरचा. तो निरोगी माणसाचा श्वास. बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. तिथे सपाट रेघ हवी, तर मधुमेहाचं उंच शिखर!

मी तिसऱ्यांदा फेज लावली. शिखर हललं नाही.

"मॅडम, हा माणूस खरंच निरोगी होता?"

"माझाच श्वास आहे तो! मला काय धाड भरलीय?"

बोलता बोलता त्यांनी चौथी बाटली उघडली, आणि हात तसाच थांबला. मॅडमची नजर टेबलावरच्या तीन रिकाम्या बाटल्यांवर गेली.

"अजून एकदा करून बघतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

तीन वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, चूक माझीच निघू दे.